‘पर सेक्टर’ म्हणजे नक्की किती?

महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की पर्यटन पुरवण्यांतून विमानतिकिटांविषयी सल्ले येऊ लागतात. त्यांत ‘डायरेक्ट’, ‘नॉन-स्टॉप’, ‘कनेक्टिंग’, ‘सेक्टर’, ‘सेगमेंट’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले असतात. वाचताना काही बिघडत नाही, पण पैसे याच शब्दांवर कापले जातात. तिकीट रद्द करायला गेले की ‘पर पॅसेंजर पर सेक्टर’ अशी बारीक अक्षरांतली ओळ पुढे येते. मग चौघांच्या कुटुंबाला तो आकडा चारने गुणायचा, आठने की सोळाने, यावरून काउंटरवर हमरीतुमरी होते. दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर असतात, कारण दोघांच्या मनातला ‘सेक्टर’ वेगळा असतो.

एसटीचे बरे आहे. तिथे टप्पा सहा किलोमीटरचा, आणि तो वाहकाला, प्रवाशाला आणि आगाराला सारखाच. विमानप्रवासात तसे नाही. तोच प्रवास तिकीट छापणारी यंत्रणा एका पद्धतीने मोजते, कर लावणारे सरकार दुसऱ्या, नुकसानभरपाई ठरवणारे न्यायालय तिसऱ्या आणि पॉइंट देणारी योजना चौथ्या. त्यातली कुठली मोजणी कुठे लागू होते, एवढे कळले तर निम्मे वाद टळतील, म्हणून हा लांबलेला पत्रप्रपंच.

आधी तीन शब्द. विमान एकदा उडाले आणि एकदा उतरले की एक ‘लेग’. प्रवासी एका फ्लाइट नंबरावर जिथे चढला तिथपासून त्या नंबरावर जिथे उतरला तिथपर्यंत एक ‘सेगमेंट’. मध्ये विमान कितीही वेळा उतरो. आणि ‘सेक्टर’ हा आपल्याकडे या दोन्हींसाठी चालणारा, म्हणूनच घोळ घालणारा शब्द. वैमानिक आणि केबिन क्रू सेक्टर म्हणतात तेव्हा त्यांना लेग अभिप्रेत असतो. तिकीट काढणारा सेक्टर म्हणतो तेव्हा सेगमेंट. आणि सवलतीची जाहिरात करणारा म्हणतो तेव्हा बहुधा एका बाजूचा अख्खा प्रवास.

एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय उड्डाण घ्या. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. विमानाचे लेग तीन झाले. आजच्या तिकीट-हिशेबाने मात्र मुंबई ते लंडन जाणाऱ्याचा सेगमेंट एकच, मुंबईहून कैरोला उतरणाऱ्याचाही एकच आणि कैरोला चढून लंडनला जाणाऱ्याचाही एकच. आजही अशी विमाने आहेत. सिंगापूर एअरलाइन्सचे एसक्यू २६ सिंगापूरहून फ्रँकफर्टमार्गे न्यूयॉर्कला जाते, एमिरेट्सचे ईके २०५ दुबईहून मिलानमार्गे न्यूयॉर्कला. प्रशांत महासागरात युनायटेडचे एक विमान होनोलुलू ते ग्वाम असे बेटाबेटांवर उतरत जाते. माजुरो, क्वाजालेन, कोस्राए, पोनपेई आणि चूक हे पाचही थांबे घेतले त्या दिवशी लेग सहा होतात. होनोलुलू ते ग्वाम एकाच नंबरावर तिकीट काढलेल्याच्या हातात कुपन, म्हणजे तिकिटातला दर सेगमेंटचा एक भाग, मात्र एकच. आमच्या धंद्यात अशा विमानाला ‘हॉपिंग’ म्हणतात, आणि संकेतस्थळावर ते ‘डायरेक्ट’ म्हणून झळकते. डायरेक्ट म्हणजे न बदलणारा नंबर. न थांबणारे विमान हवे असेल तर ‘नॉन-स्टॉप’ हाच शब्द शोधावा.

यातही एक मेख आहे. नंबर तोच राहिला तरी विमान तेच राहील असे नाही. काही कंपन्या मधल्या थांब्यावर मोठे विमान काढून लहान लावतात. प्रवासी उतरतो, दुसऱ्या गेटवर जातो, दोन बोर्डिंग पास वापरतो, पण तिकिटावर सेगमेंट एकच. उलट, तांत्रिक थांबा प्रवाशाच्या हिशेबात येतच नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून उत्तर अमेरिकेची काही विमाने इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरू लागली. विमान युरोपात उतरले, तासभर उभे राहिले, प्रवासी खुर्चीतच बसून राहिले. तिकिटावर त्याची ओळ नाही आणि कुपनही नाही.

आता कुपन. कागदी तिकिटे १ जून २००८ पासून बंद झाली, तरी इलेक्ट्रॉनिक तिकिटाचा सांगाडा जुन्या चोपडीचाच आहे. तिकीट क्रमांक तेरा आकड्यांचा असतो. पहिले तीन कंपनीचे, म्हणजे एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, लुफ्तान्साचे २२०. एका क्रमांकात जास्तीत जास्त चार कुपने मावतात. पाचवा सेगमेंट आला की पुढचा क्रमांक जोडला जातो. त्याला कंजंक्शन तिकीट म्हणतात. समजा कुणी पुणे–दिल्ली–फ्रँकफर्ट–शिकागो–सिनसिनाटी आणि त्याच वाटेने परत, असे एकच तिकीट काढले. जाताना चार, येताना चार, एकूण आठ कुपने आणि ओळीने दोन तिकीट क्रमांक. रिफंडचा अर्ज करताना किंवा विम्याचा दावा लावताना लोक पहिलाच क्रमांक देतात, आणि परतीची चार कुपने कागदोपत्री कुठेच येत नाहीत. पैसे अडकण्याचे हे अगदी साधे कारण आहे.

आपली कुपने मोजायची तर नकाशा बाजूला ठेवा आणि ई-तिकिटाच्या पावतीवरच्या ओळी मोजा. दर ओळीला स्वतःचा फ्लाइट नंबर, बुकिंग क्लास (भाड्याची श्रेणी), सामानाची मर्यादा आणि स्थिती असते. शेजारी ‘स्टॉप्स’चा रकाना असेल तर त्यात शून्य आहे की एक, ते पाहा. एक असेल तर ते हॉपिंग. खाली भाड्याच्या हिशेबाची एक अगम्य वाटणारी ओळ असते. तिच्यात शहराच्या कोडाआधी ‘एक्स’ आणि तिरपी रेघ असेल तर तिथे तुम्ही फक्त विमान बदलता आहात. नसेल तर भाड्याच्या दृष्टीने तो मुक्काम आहे, किंवा भाडे तिथे तुटते आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात ही सीमा चोवीस तासांची. दुबईत तेवीस तास काढले तर ती ‘ट्रान्झिट’, सव्वीस काढले तर ‘स्टॉपओव्हर’. कुपने दोन्हींत तेवढीच, भाडे आणि कर मात्र बदलू शकतात.

कुपनांचा पहिला नियम क्रमाचा. पहिले वापरल्याशिवाय दुसरे वापरता येत नाही. वरच्या प्रवाशाने विचार केला की दिल्लीला रेल्वेनेच जाऊ आणि तिथून फ्रँकफर्टचे विमान पकडू, तर पुणे–दिल्लीच्या ओळीवर तो ‘नो-शो’, म्हणजे न आलेला प्रवासी, ठरतो आणि यंत्रणा पुढच्या सातही ओळी आपोआप सोडून देते. दिल्लीच्या काउंटरवर तिकीट दाखवून, हात जोडून उपयोग होत नाही. तिथल्या माणसाला ती जागाच पडद्यावर दिसत नाही. असे करायचेच असेल तर निघण्याआधी कंपनीकडून तिकीट पुन्हा काढून घ्यावे लागते, आणि दिल्लीपासूनचे भाडे पुण्यापासूनच्या भाड्याहून जास्त निघाले तर फरक भरावा लागतो. कमी अंतराला जास्त पैसे, हे कुणालाच पटत नाही. पण भाडे दोन टोकांच्या बाजारावर ठरते, किलोमीटरवर ठरत नाही.

दुसरी अडचण ‘मॅरीड सेगमेंट’ची. पुणे–दिल्ली हा तुकडा एकटा मागितला तर स्वस्त क्लास भरलेला दिसतो, पण पुणे–फ्रँकफर्ट असे सलग मागितले की तोच क्लास उघडा मिळतो. कंपनी लांबच्या गिऱ्हाइकासाठी ती जागा राखून ठेवते. अशा वेळी दोन्ही ओळींची यंत्रणेतच लग्नगाठ बांधलेली असते. एक ओळ काढून दुसरी ठेवायचा खटाटोप केला तर यंत्रणा अडवते. तरीही कुणी आडवाटेने ते जमवलेच, तर महिन्या-दोन महिन्यांनी एजंटाच्या नावाने फरकाची वसुली निघते. या वसुलीला आम्ही एडीएम म्हणतो. ‘तेवढा एक सेक्टर बदलून द्या’ ही मागणी एजंट टाळतो तेव्हा दर वेळी तो आळशीच असतो असे नाही.

तिसरा बिघाड सर्वांत चोरटा. कंपनी वेळापत्रक बदलते आणि एका नंबराचे हॉपिंग विमान तोडून त्याचे दोन नंबर करते. बुकिंगमध्ये, म्हणजे सहा अक्षरांच्या पीएनआरमध्ये, आता दोन ओळी झाल्या, पण तिकिटात अजून एकच कुपन. प्रवाशाला ‘तुमचे बुकिंग पक्के आहे’ असा संदेश येतो आणि तो खरा असतो. वेब चेक-इन करताना मात्र ‘कृपया विमानतळावर संपर्क साधा’ अशी पाटी येते, कारण दुसऱ्या ओळीला तिकीटच नाही. उपाय एकच: बदलाचा संदेश आल्यावर ‘वेळ मान्य’ एवढ्यावर न थांबता ‘तिकीट रीइश्यू किंवा रीव्हॅलिडेट झाले का?’ (म्हणजे नव्याने काढले, की आहे तेच बदलासह वैध केले) असे विचारावे, नवी पावती मागावी आणि पीएनआरमधल्या ओळी व तिकिटातली कुपने सारखी आहेत का ते ताडून पाहावे. निघायच्या दिवशी पहाटे दोन वाजता हे काम होत नाही.

करांच्या बाबतीत तर एकाच देशात तीन मोजण्या सापडतात. अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या आईवडिलांना तिथली अंतर्गत तिकिटे काढावीच लागतात, म्हणून हे उदाहरण. सॅन होझे–डेन्व्हर–शिकागो–क्लीव्हलँड असे एका बाजूचे तिकीट घ्या. भाड्यावरचा साडेसात टक्के कर वेगळा. शिवाय दर सेगमेंटला संघराज्याचा कर, २०२५ मध्ये ५.२० डॉलर, आणि त्या कायद्यात सेगमेंट म्हणजे एक उड्डाण व एक उतरणे. म्हणजे आपल्या भाषेत लेग! तीन वेळा उतरलात, १५.६० डॉलर. विमानतळांचा सुविधा आकार दर विमानतळामागे जास्तीत जास्त ४.५० डॉलर, पण एका बाजूला दोनदाच घेता येतो. म्हणून तीन विमानतळांवरून उडूनही ९ डॉलर. आणि ११ सप्टेंबरनंतर आलेले सुरक्षा शुल्क एका बाजूच्या प्रवासाला एकदाच, ५.६० डॉलर, मध्ये विमाने कितीही बदला. फक्त अंतर्गत प्रवासात मधला थांबा चार तासांपेक्षा लांबला तर पुढचा प्रवास नवा धरला जातो. तिकीट एक, माणूस एक, आणि मोजणी तीन, दोन, एक. यातल्या डेन्व्हर–शिकागो–क्लीव्हलँडला जर एकच फ्लाइट नंबर असेल तर कुपने दोनच होतील, पण ५.२० डॉलर तीनदाच लागतील. पावतीवरचा कर चुकला म्हणून तक्रार करण्याआधी हे पाहावे.

ब्रिटनचा प्रवासी कर वेगळ्याच रीतीने चालतो. पुणेकर न्यूयॉर्कला जाताना लंडनला विमान बदलतो. एकाच तिकिटावर आणि चोवीस तासांच्या आत पुढचे विमान असेल तर तो ब्रिटनच्या लेखी तिथून निघालेलाच नाही, कर शून्य. ‘दोन दिवस लंडन बघून जाऊ’ म्हटले की लंडन हे त्याच्या प्रवासाचे नवे मूळ ठरते आणि न्यूयॉर्कच्या अंतराचा कर लागतो, एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ च्या दराने इकॉनॉमीत ९० पौंड. मुक्काम स्वस्त पडतो असे सांगणाऱ्या जाहिरातीत हा आकडा शेवटच्या पडद्यावरच दिसतो.

आपल्याकडेही चोवीस तास आणि ‘एकच तिकीट’ या दोन अटींना महत्त्व आहे. विमान सुरक्षा शुल्क एप्रिल २०२१ पासून अंतर्गत प्रवाशाला २०० रुपये आणि आंतरराष्ट्रीय प्रवाशाला १२ डॉलर आहे. वापरकर्ता विकास शुल्क विमानतळागणिक वेगळे. मुंबईत चोवीस तासांच्या आत विमान बदलणारा प्रवासी ट्रान्झिट धरला जातो आणि मुंबईचे हे आकार त्याला पुन्हा लागत नाहीत. पण पुढचा प्रवास त्याच तिकिटाचा भाग असला पाहिजे. नागपूर–मुंबई एक तिकीट आणि मुंबई–दुबई दुसरे असे काढले की मुंबईला तो नव्याने निघालेला प्रवासी. दोन तिकिटे तोडून काढण्यात भाडे वाचले असे वाटते, त्यातले काही इथे परत जाते. उरलेले सामानात जाते. अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून येणाऱ्या एका तिकिटावर सुरुवातीला ठरलेली सामानाची मर्यादा शेवटपर्यंत चालते. तेवीस किलोच्या दोन बॅगा असतील तर त्या पुणे–दिल्लीलाही चालतात. पुणे–दिल्ली वेगळ्या तिकिटावर घेतले तर तिथे अंतर्गत प्रवासाचे साधारण पंधरा किलो, आणि उरलेल्या एकतीस किलोंचे दर किलोमागे पैसे. पुढचे आंतरराष्ट्रीय तिकीट दाखवून काही कंपन्या सूट देतात. पण ती सूट आहे, हक्क नव्हे.

नुकसानभरपाईचा हिशेब याहून रंजक आहे, कारण युरोपातल्या न्यायालयाने कुपने बाजूला सारून दोन टोकेच पाहिली. युरोपीय संघाच्या नियम क्रमांक २६१ प्रमाणे अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो मिळतात. ब्रेमेन–पॅरिस–साओ पावलो–असुन्सियोन अशा प्रवासात ब्रेमेनचे विमान अडीच तास उशिरा सुटले. तो उशीर भरपाईच्या तीन तासांहून कमी. पण पुढची विमाने चुकत गेली आणि प्रवासी असुन्सियोनला अकरा तास उशिरा पोचली. २०१३ मध्ये निकाल लागला की अंतिम ठिकाणचा उशीर मोजायचा. प्रवाशांचा फायदा झाला. २०१७ मध्ये रोम–ब्रुसेल्स–हॅम्बुर्गचा निकाल आला. उडालेले अंतर १६५६ किलोमीटर, पण रोम ते हॅम्बुर्ग सरळ रेषेत १३२६. न्यायालयाने सरळ रेषाच धरली. १५०० च्या आत, म्हणून ४०० ऐवजी २५० युरो. २०१८ आणि २०१९ च्या निकालांनी एकाच बुकिंगवरचा प्रवास अखंड धरायचा हे पक्के केले. प्राग–अबुधाबी–बँकॉकच्या दाव्यात तर दुसरे विमान दुसऱ्याच कंपनीचे असूनही युरोपातून नेणारी पहिली कंपनी जबाबदार ठरली.

आपल्या वाचकांना सर्वांत जवळचा निकाल २०२२ चा आहे. चिसिनाऊ (मोल्डोव्हाची राजधानी)–व्हिएन्ना–बँकॉक या प्रवासात न्यायालयाने म्हटले की प्रवास अखंड आहे, त्याचे मूळही युरोपीय संघाबाहेर आणि शेवटही बाहेर, मध्ये फक्त विमान बदलले. सबब हा नियम लागूच नाही. मुंबई–फ्रँकफर्ट–न्यूयॉर्क हे तिकीट याच साच्यातले आहे. फ्रँकफर्टला आठ तास बसवून ठेवले म्हणून सहाशे युरोंचा अर्ज करायला सांगणारे व्हिडिओ मराठीतही फिरतात. एका तिकिटावरच्या अशा प्रवाशाने त्यात वेळ घालवू नये. जेवणाची आणि राहण्याची सोय मागावी, आणि उशिरामुळे खरोखर झालेल्या खर्चाच्या पावत्या जपाव्यात. विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल कराराखाली दावा करता येतो तो त्यांच्या आधारे. भारत २००९ पासून त्या करारात आहे, आणि तोही सलग ठरवलेला प्रवास अनेक कंपन्यांनी मिळून केला तरी अखंडच मानतो.

विमान कंपन्यांच्या पॉइंटांच्या योजनांबद्दल थोडक्यात, कारण त्या दर वर्षी नियम बदलतात आणि हल्ली मोजणी सोडून खर्चाकडे वळल्या आहेत. डेल्टाने २०२४ पासून सेगमेंटांची मोजणी बंदच केली, ब्रिटिश एअरवेजने एप्रिल २०२५ पासून खर्चावर प्रवाशाचा दर्जा (सवलतींची पायरी) ठरवायला सुरुवात केली. अजून मोजणाऱ्यांत युनायटेड विमानांच्या ओळी मोजते, तर साउथवेस्ट एका बाजूचा अख्खा प्रवास, मध्ये बदललेल्या विमानांसह, एकच धरते. दर्जा मिळवायला मुद्दाम दोन ठिकाणी विमान बदलून जाणारे हौशी आपल्यातही आहेत. त्यांनी आधी त्या योजनेतली ‘फ्लाइट’ या शब्दाची व्याख्या वाचावी.

व्हिसाच्या बाबतीत मात्र सेगमेंट वाढणे महागात पडते. मुंबई–फ्रँकफर्ट–न्यूयॉर्क आणि मुंबई–म्युनिक–फ्रँकफर्ट–न्यूयॉर्क ही तिकिटे पडद्यावर सारखीच दिसतात, दुसरे दोन-चार हजारांनी स्वस्तही असते. पण म्युनिक–फ्रँकफर्ट हे शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, आतले विमान आहे. त्यात बसायचे तर म्युनिकला इमिग्रेशन ओलांडून शेंगेनमध्ये शिरावे लागते, म्हणजे पूर्ण शेंगेन व्हिसा हवा. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्याला एका जर्मन विमानतळावर ट्रान्झिट व्हिसा लागत नाही, हे खरे. त्या सवलतीत हा मधला तुकडा बसत नाही. अशा प्रवाशाला मुंबईच्या काउंटरवरूनच परत फिरावे लागते.

याच जातीची एक नवी अडचण आता घरात आली आहे. गोव्यात जानेवारी २०२३ पासून दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, मुंबईत डिसेंबर २०२५ पासून सहारच्या जोडीला नवी मुंबई. शोधयंत्र शहराच्या नावाने दोन्हींची विमाने एका यादीत टाकते. एकात उतरून दुसऱ्यातून उडायचे असेल तर पीएनआरमध्ये मध्ये जमिनीवरच्या तुकड्याची एक ओळ येते; आमच्याकडे तिला ‘अरंक’ म्हणतात. कागदी तिकिटांच्या काळात या तुकड्यालाही एक कुपन ‘व्हॉइड’ मारून खर्ची पडत असे. आता कुपन जात नाही, पण सामान आपल्यालाच घ्यावे लागते, टॅक्सी आपल्यालाच करावी लागते, आणि तिकिटे वेगवेगळी असतील तर पुलावरच्या कोंडीत अडकून चुकलेल्या विमानाची जबाबदारी कुणाचीच नसते. नाव ‘मुंबई’ दिसले तरी शेजारचा तीन अक्षरांचा कोड वाचावा: बीओएम की एनएमआय. गोव्यासाठी जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा.

आमच्या धंद्याचेही एक गुपित सांगून टाकतो. अमेडियस, सेबर, ट्रॅव्हलपोर्ट या बुकिंग यंत्रणा विमान कंपन्यांकडून दर सेगमेंटमागे पैसे घेतात, आणि त्यातला वाटा एजंटांना प्रोत्साहन म्हणून मिळतो. मोजणी प्रवासी गुणिले सेगमेंट अशी असते. चौघांचे वरचे आठ ओळींचे तिकीट म्हणजे बत्तीस सेगमेंट. नॉन-स्टॉप उपलब्ध असताना कुणी आग्रहाने दोन थांब्यांचे तिकीट सुचवत असेल तर दर वेळी ते भाड्यासाठीच असते असे म्हणवत नाही. म्हणून गिऱ्हाइकाने दोन्ही पर्याय ओळींसकट लिहून मागावेत.

परत रद्दीकरणाकडे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम असा आहे की रद्द करण्याचा आकार मूळ भाडे अधिक इंधन अधिभार याहून जास्त घेता येत नाही, आणि वैधानिक कर, वापरकर्ता विकास शुल्क वगैरे प्रवाशाला परत द्यावे लागतात, तो नो-शो झाला तरी. म्हणजे चुकलेल्या कुपनाचेही काही पैसे मिळतात. मागणाऱ्यालाच मिळतात, हा भाग वेगळा. पण ‘पर सेक्टर’ म्हणजे कुपनामागे की एका बाजूमागे, हे पैसे भरण्याच्या पडद्यावर ठळक लिहिलेले नसते. चार जणांच्या, जाऊन-येऊन, दर बाजूला एकदा विमान बदलणाऱ्या तिकिटावर तीन हजारांचा आकार बाजूमागे धरला तर चोवीस हजार होतो, कुपनामागे धरला तर अठ्ठेचाळीस. महासंचालनालयाने एवढेच बंधन घालावे की विक्रीच्या पडद्यावर कुपनांची संख्या आणि रद्दीकरणाची एकूण रक्कम रुपयांत, गुणाकार करून दाखवावी. तिकीट काढणाऱ्या यंत्रणेला कुपने किती हे आधीच माहीत असते. नवे काही शोधायचे नाही.

आणि आपल्या पुरवणीला एक विनंती. भाड्यांचे तक्ते छापता तेव्हा ‘थांबे’ या रकान्याशेजारी ‘कुपने’ असा एक रकाना वाढवावा, आणि ‘डायरेक्ट’ हा शब्द शक्यतो काढूनच टाकावा.

आपला,
हवाई तिकीट व्यवसायातील एक वाचक, ठाणे